वाऱ्याच्या नावाखाली

ऑफिसात तिला सगळे ठिगळताई म्हणत. नाव कौतुकानंच पडलं होतं. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला भोक पडलं की ती बसल्या जागी असं बेमालूम ठिगळ लावून द्यायची, की मूळ कापड कुठं संपलं ते शोधूनही सापडू नये.

कंपनी एक आभासी दुनिया चालवायची. लोक घरबसल्या हेडसेट चढवून त्या दुनियेत जात, खोल्या बांधत, बागा लावत, गप्पा छाटत बसत. दुनियेच्या पोटात एक इंजिन होतं आणि त्याचे कंपोनंट, म्हणजे वेगवेगळे भाग, वेगवेगळी कामं करत. कुणी उजेड पाडायचं, कुणी वारा वाहवायचं, कुणी माणसांचे आवाज एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायचं. इंजिनाला बाहेरच्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम. पण लोकांना आपापल्या खोल्या तर मनासारख्या हव्यात. म्हणून त्यांना पायथन या संगणकाच्या भाषेत छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे सूचना, लिहायची मुभा होती. स्क्रिप्टनं म्हणायचं, मला वारा दे. वारा हाती आला की त्याला मंद करा, जोरात सोडा, तुमची मर्जी. हे मागणं आणि देणं ज्या थरातून व्हायचं तो थर ठिगळताईनं लिहिला होता. कुठल्या स्क्रिप्टला काय द्यायचं आणि काय अजिबात द्यायचं नाही, याची यादी तिच्या ताब्यात होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याचं काम, ती म्हणायची, फक्त काठी नाही आणि बसायला खुर्ची आहे.

ती बोलताना अडखळायची. लहानपणापासूनच. तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा असलेल्या भावाचं तर फारच अवघड होतं. तिचं गाडं अडलं तरी पुन्हा सरकायचं. त्याचं एखाद्या अक्षरात असं रुतायचं की समोरचा माणूस शेवटी कंटाळून, किंवा दया येऊन, त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचा. म्हणून त्यानं कामही तसंच शोधलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो काचा घासायचा. पुढं मालक बोलायचे, मागं चाक फिरायचं.

ठिगळताईला मात्र मास्तर भेटले. इंजिन विभागाचे ते प्रमुख. आधी कुठल्याशा कॉलेजात गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. चार ठिकाणी 'कळवतो' ऐकून ती त्यांच्यासमोर बसली तेव्हा पहिल्याच प्रश्नाला तिची जीभ टाळ्याला चिकटली. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. "सांग सावकाश," म्हणाले, "मला कुठं जायचंय?" आणि खरोखरच कुठं गेले नाहीत. त्या एका उत्तराला अकरा मिनिटं लागली. पुढच्या नऊ वर्षांत त्यांनी एकदाही तिचा शब्द तिच्या तोंडातून काढून घेतला नव्हता. त्यांच्या पत्नीचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा ठिगळताईनं दवाखान्यात सख्ख्या लेकीसारखे दिवस काढले होते. वडील गेल्यावर कुणाला बाबा म्हणावंसं वाटलं असेल, तर त्यांनाच.

दोन वर्षांपूर्वी तिनं आभासी दुनियेत एक गच्ची बांधली. गच्ची म्हणजे अगदी साधी: चार बाकं, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, आणि त्या हलाव्यात म्हणून थोडा वारा. शनिवारी दुपारी चार वाजता तिथं अडखळत बोलणारी माणसं जमायची. एकूण अकरा. कुणी बेकरी चालवणारा, कुणी नर्स, कुणी निवृत्त नकाशेकार. नियम एकच होता: कुणी कुणाची घाई करायची नाही. आणि ठिगळताईनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना शब्द दिला होता. "इथला आवाज कुठलीही स्क्रिप्ट घेऊ शकत नाही. मीच बंद केलाय. तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं, संपलं." तिच्या यादीत तसं लिहिलेलंही होतं. गच्ची: उजेड द्यावा, वारा द्यावा, आवाज कुणालाही देऊ नये.

भावाला तिनं खूप विनवण्या करून आणलं. तो दोन महिने बाकाच्या कोपऱ्यात नुसता बसून असायचा. मग एका शनिवारी त्यानं तोंड उघडलं ते थेट काळजातलंच काढून ठेवायला.

मुलगी झाली तेव्हा त्यानं आणि बायकोनं नाव ठरवून ठेवलं होतं. 'म'पासून सुरू होणारं. बायकोच्या आईचं नाव ते; ती माउली आदल्याच वर्षी गेली होती. तो जन्मनोंदणीच्या खिडकीशी उभा राहिला. कारकुनानं विचारलं, नाव? त्याला 'म' म्हणताच येईना. मागं रांग. कुणीतरी हसलं. कारकून म्हणाला, अहो, स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नाही का? तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं, ज्याला जीभ अडली नाही, ते कुठलंतरी भलतंच नाव त्यानं सांगून टाकलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, मेल्यानं चुकीचं लिहिलं, आता बदलायचं म्हणजे शंभर खेटे. बायको दोन दिवस कारकुनाच्या नावानं बोटं मोडत राहिली. मुलगी आता सात वर्षांची होती आणि त्या भलत्याच नावाला ओ देत होती.

एवढं सांगायला त्याला पाऊण तास लागला. गच्चीवर कुणी हललं नाही. शेवटी बेकरीवाला म्हणाला, "माझ्या दु-दुकानाचं नाव पण असंच ठरलंय." तेव्हा सगळे हसले, भाऊसुद्धा. ठिगळताईनं ही गोष्ट पोटात ठेवली. भावजयीपुढं ती कधी अवाक्षर बोलली नाही.

सात महिने गेले.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता कंपनीच्या मोठ्या सभागृहात नव्या सोयीचं उद्घाटन होतं. बाहेरची मंडळी आली होती, कार्यक्रम इंटरनेटवरही दिसत होता. सोयीचं नाव 'सुगम'. अडखळत बोलणाऱ्याचा आवाज दुनियेत पोचण्याआधी ती वाटेतच सुधारायची. ऐकणाऱ्याला सरळ, सलग वाक्य ऐकू यायचं. वर्षभर मास्तर यावर बंद खोलीत काम करत होते. ठिगळताईला त्यांनी मुद्दाम लांब ठेवलं होतं. "तुला आश्चर्याचा धक्का द्यायचाय," असं म्हणाले होते. ती चौथ्या रांगेत, नवी साडी नेसून बसली होती.

"आधी मूळ आवाज ऐका," मास्तर मंचावरून म्हणाले.

सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आवाज आला. "मी खि-खि-खिडकीशी उभा होतो. त्यानं वि-विचारलं, नाव..."

आवाजाची पट्टी थोडी बदललेली होती. पण ज्या घशाला तिनं लहानपणी पाणी पाजलं, त्याला ती ओळखणार नाही होय? 'म' आला. 'म' अडला. सभागृहभर तो 'म' धडका मारत राहिला. मग ते भलतंच नाव, तेवढं एका शिट्टीखाली झाकलेलं; आणि मग, "घ-घरी सांगितलं, का-कारकुनानं चुकून लिहिलं."

"आणि आता सुगममधून."

तोच आवाज. तोच भाऊ. न अडखळता, पाण्यासारखा. खिडकी, कारकून, नाव, घर, खोटं, सगळं अर्ध्या मिनिटात. तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या भावाला सलग बोलताना ऐकलं. आणि क्षणभर तिला छान वाटलं. या एका क्षणानं तिला पुढं कितीतरी दिवस छळलं.

टाळ्या पडल्या. शेजारच्या हिशेबनीस बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती चांगलं काम केलंय हो मास्तरांनी." ठिगळताई उठली आणि सरळ आपल्या टेबलाशी गेली.

शोधायला फार वेळ लागला नाही. स्वतःच्याच घरात चोर कुठून शिरला ते बघायचं होतं. तिच्या थरात झालेला प्रत्येक बदल तारखेसकट नोंदलेला असायचा. आठ महिन्यांपूर्वीचा एक बदल होता. वर लिहिलेलं: वाऱ्याच्या वेगातली सुधारणा. चारशे ओळी. त्यातल्या तीनशे अठ्ठ्याण्णव ओळी खरंच वाऱ्याच्या होत्या. मधे कुठंतरी दोन ओळी वेगळ्या होत्या. आधी स्क्रिप्टला वारा दिला की फक्त वाराच मिळायचा. या दोन ओळींनंतर वाऱ्याला विचारता येत होतं, तू राहतोस कुठं? वारा आपल्या खोलीचा पत्ता देत होता. खोली हाती आली की तिच्यातला बाकी सगळा गोतावळा, उजेड, भिंती, आवाज, यादीला न विचारता बाहेर काढता येत होता. यादी जशीच्या तशी होती. 'आवाज कुणालाही देऊ नये' हे वाक्यही जागच्या जागी. फक्त ते आता कुणी वाचत नव्हतं.

लिहिणारे: मास्तर. तपासून मंजूर करणारी: ठिगळताई स्वतः.

बदल उघडला ती वेळ आणि मंजुरी दिली ती वेळ, दोन्ही समोर होत्या. मधे चाळीस सेकंद. दुसऱ्या कुणाच्या चारशे ओळी असत्या तर तिनं अख्खी दुपार घातली असती. मास्तरांच्या काय तपासायच्या?

मास्तरांच्या केबिनमध्ये फुलांचे गुच्छ येऊन पडले होते. ती दार न वाजवता आत गेली.

"ये, ये. बस. कसं वाटलं?"

"ग-गच्चीतला आवाज तुम्ही घेतलात."

मास्तरांनी दार लावून घेतलं. "बस आधी."

"नाही ब-बसायचं मला."

"हे बघ. आम्ही आधी नट आणले होते. अडखळण्याचं सोंग ते करायचे, पण सोंगावर शिकलेलं यंत्र खऱ्या माणसापुढं लटकं पडायचं. खरे आवाज लागणार होते, बेसावध. माणूस माइकसमोर बसला की तसा बोलत नाही. नावं सगळी काढलीत. पट्टी बदललीय. कुणाला कळणार आहे?"

"मला क-कळलं."

"तू बहीण आहेस त्याची."

आपण काय बोलून गेलो ते मास्तरांच्याही लक्षात आलं.

"म्हणजे तो मा-माझा भाऊ आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तरी त्याचाच लावलात."

"त्याचाच सगळ्यात स्वच्छ होता," मास्तर म्हणाले. मग हलक्या आवाजात, "मी हे कुणासाठी केलंय, असं तुला वाटतं? तुमच्यासाठीच ना? उद्या अशा खिडक्याही या दुनियेत येतील, तेव्हा त्याला कुणी हसणार नाही."

"वि-विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

इतकं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. रागानं तिचे ओठ हलले, शब्द फुटेना. "हा वि-वि-वि..."

"विश्वासघात," मास्तर म्हणाले. "हेच म्हणायचंय ना?" त्यांनी घड्याळात पाहिलं. "बाहेर पाहुणे थांबलेत. आणि एक लक्षात ठेव, मंजुरी तुझ्या नावावर आहे. मी ती गोष्ट कुठं काढणार नाही. तूही शांतपणे विचार कर."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचा शब्द पुरा केला होता. ती प्रसाधनगृहात गेली आणि नळ सोडून आरशासमोर उभी राहिली. भावाचा आवाज चोरीला गेला याचं दुःख होतंच. पण आतून पोखरत होती ती दुसरीच गोष्ट. त्या पहिल्या अकरा मिनिटांत हा माणूस खरोखर तिचं ऐकत होता, की तेव्हापासूनच नमुने गोळा करत होता? तिला काही ठरवता येईना. ती अकरा मिनिटंही त्यांनी तिच्याकडून काढून घेतली होती.

फोन वाजला. भावजय.

"ताई, तुमच्या कंपनीचा कार्यक्रम बघत होते. तो आवाज ह्यांचा होता ना?"

ठिगळताईनं नळ बंद केला.

"म्हणजे होता. कारकुनाची चूक नव्हती." तिकडचा आवाज बसका झाला. "ताई, माझ्या आईचं नाव होतं हो ते. सात वर्षं मी त्या कारकुनाला शिव्या घातल्या. आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली.

"बरं," असं म्हणून भावजयीनं फोन ठेवला.

दुपारपर्यंत ठिगळताईनं दोन कामं केली. पहिलं म्हणजे त्या दोन ओळी काढल्या, आणि त्या जागी असं घातलं की कुठल्याही खोलीत कुठल्याही स्क्रिप्टनं आवाजाला हात लावला, तर तिथं हजर असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ते लिहून यावं. दुसरं म्हणजे झाला प्रकार साध्या भाषेत लिहून काढला: भोक कुठं होतं, कुणी पाडलं, कुणी न वाचता मंजूर केलं, किती महिने उघडं राहिलं. स्वतःचं नाव तिनं मास्तरांच्या नावाखालीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं. तो मजकूर संचालकांना पाठवला आणि गच्चीतल्या अकराही जणांना पाठवला. मग राजीनामा.

शनिवारी चारला ती गच्चीवर गेली. पाच जण आले होते. चादरी हलत होत्या. तिनं सगळं तोंडी पुन्हा सांगितलं, कारण नुसतं लिहून मोकळं होणं तिला बरं वाटेना. खूप वेळ लागला. कुणी मधे बोललं नाही. नियमच होता तो. पण त्या दिवशी त्या गप्प बसण्यात पूर्वीची ऊब नव्हती.

नकाशेकार म्हणाले, "तू श-शब्द दिला होतास, पोरी."

"हो."

"मग तो तू सां-सांभाळायचास. दुसऱ्याच्या भ-भरवशावर नाही टाकायचास."

ते उठून गेले. बेकरीवाला बराच वेळ बसून राहिला. "तु-तुझीही फसवणूकच झाली की," एवढं म्हणाला आणि तोही गेला. शेवटी ठिगळताईनं चादरी काढल्या, बाकं काढली आणि गच्ची बंद केली.

भाऊ घरी भेटेना, फोन घेईना. म्हणून ती चष्म्याच्या दुकानात गेली. मालकांनी मान हलवून मागची खोली दाखवली. तिथं काचा घासून पांढऱ्या झालेल्या पाण्याचा वास होता आणि चाक फिरत होतं. भावानं तिच्याकडं पाठ केलेली. ती दाराशीच उभी राहिली.

"मला ए-एवढंच सांग," तो चाक न थांबवता म्हणाला. "तुला खरंच मा-मा-माहीत नव्हतं?"

खोटं बोलायची गरजच नव्हती. 'नाही' हे उत्तर खरं होतं, आणि तेवढ्यावर सुटताही आलं असतं.

"माहीत नव्हतं. पण ते माझ्यासमोर आलं होतं. मी वाचलं नाही. म-मास्तरांचं होतं, म्हणून वाचलं नाही."

चाक थांबलं. त्यानं काच कापडावर ठेवली, हात पुसले, आणि वळला.

"तिला मी सगळं सां-सांगितलं," तो म्हणाला. "पुन्हा, प-पहिल्यापासून. यंत्रानं ऐकवलेलं नको म्हणाली ती. तू सांग म्हणाली. दी-दीड तास लागला. ती रडली, मग भां-भांडली, मग जेवायला वाढलं." तो थांबला. ठिगळताईही थांबली. "तिच्याशी माझं नि-निस्तरेल. तुझ्याशी आत्ता नाही, ताई. त्या लोकांनी टा-टाळ्या वाजवल्या. मी ते बघितलं. तू तिथं ब-बसली होतीस."

तिला सांगायचं होतं की मी टाळी वाजवली नाही. पण तो एक क्षण आठवला. भावानं पुन्हा पाठ फिरवली. चाक सुरू झालं.

पुढं कंपनीनं माफी मागितली. माफीत 'तांत्रिक त्रुटी' असे शब्द होते. भावाचा आवाज काढून टाकला म्हणून कळवलं, आणि सुगम तीन महिन्यांनी दुसऱ्या आवाजांवर पुन्हा आलं. लोकांना ते आवडलंही. मास्तर सल्लागार झाले. कामावर येतात, फक्त बिल्ला वेगळा. ठिगळताईला एका लहानशा संस्थेत नोकरी लागली, ग्रंथालयांची कामं करणाऱ्या. रुजू झाली त्या दिवशी तिथल्या व्यवस्थापक बाई हसून म्हणाल्या, "तुमच्या जुन्या साहेबांनी न मागता शिफारसपत्र पाठवलंय. काय सुंदर लिहिलंय! इतकी विश्वासू व्यक्ती पाहिली नाही, म्हणतात."

ठिगळताईनं पत्र मागून घेतलं, न वाचता चार तुकडे केले आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकले. "त्यांचा माझ्यावरचा वि-विश्वास मला नकोय," ती म्हणाली. "तुमचा हळूहळू ब-बसू दे."

तिथं आता कुणाचंही काम असो, ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. लोक कुरकुरतात. ती ऐकून घेते आणि वाचत राहते.

हल्ली भावजय महिन्यातून एखाद्या रविवारी मुलीला तिच्याकडं पाठवते. भाऊ फाटकाशी सोडतो आणि मुलगी जिना चढेपर्यंत खालीच उभा राहतो. गेल्या रविवारी मुलीची पिशवी जड होती, म्हणून तो वर आला. ठिगळताईनं दार उघडलं. त्यानं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली.

"सहाला येतो," म्हणाला, आणि जिना उतरून गेला.